‘परफॉर्मन्स’ला मराठीत काय लिहायचं?

ताई, तुम्ही शाळेचा वार्षिक अहवाल मराठीत करताय. इंग्रजी मसुद्यात परफॉर्मन्स हा शब्द पाच जागी आलाय : कबड्डीचा संघ, स्नेहसंमेलन, संगणक कक्ष, शिक्षकांचं काम आणि विद्यार्थ्यांची प्रगती. कोशात कामगिरी, सादरीकरण, प्रयोग, कार्यक्षमता असे पर्याय दिसतात आणि कोणता घ्यावा ते कळत नाही, असं तुम्ही विचारलंय. कृपा करून एकच शब्द निवडून पाचही जागी बसवू नका.

आधी मूळ बघू. हा शब्द जुन्या फ्रेंचमधून इंग्रजीत गेला आणि त्याचा अर्थ होता, हाती घेतलेलं काम पुरतं तडीस नेणं. नाटक-गाण्याचा अर्थ नंतर चिकटला. कायद्यात तो जुना अर्थ अजून जिवंत आहे. शेताचं साठेखत झालं, इसार दिला, आणि मालक खरेदीखत करून देईना, तर १९६३ च्या विनिर्दिष्ट अनुतोष अधिनियमाखाली कराराच्या पूर्ततेसाठी दावा लावतात. इंग्रजीत त्या पूर्ततेला परफॉर्मन्सच म्हणतात.

आता आपल्या खान्देशात लोक काय बोलतात ते ऐका. रावेर-यावलकडे केळीची कापणी झाली की पहिला प्रश्न येतो, ‘रास कितीची बसली?’ रास म्हणजे घडाचं सरासरी वजन. बाग कशी झाली ते त्या एका आकड्यात कळतं. जिनिंगवाला रुईचा उतारा बघतो, म्हणजे शंभर किलो कापसातून रुई किती निघाली ते. डाळमिलमध्ये डाळीचा उतारा, कारखान्यात साखरेचा. मोटारसायकल अ‍ॅव्हरेज देते, मोटर पाणी उचलते. यातल्या कोणालाच परफॉर्मन्स हा शब्द लागत नाही, कारण नेमकं काय मोजायचं ते प्रत्येकाला माहीत आहे. तुमच्या संगणक कक्षाबद्दलही तसंच लिहा : किती संगणक चालू आहेत, किती संथ झालेत. ‘कार्यक्षमता समाधानकारक’ या शब्दांतून पालकांना काहीच कळत नाही.

कबड्डीला ‘कामगिरी’ चपखल बसतो. मराठीत कामगिरी म्हणजे मुळात सोपवलेलं काम. माणसाला कामगिरीवर पाठवतात, तो ती फत्ते करून येतो. संघ शाळेनं पाठवलेला असतो, म्हणून शोभतं. शिक्षकांनाही चालेल, पण मी ‘वर्षभराच्या कामाचा आढावा’ असं लिहीन.

स्नेहसंमेलनाच्या जागी मात्र थोडं थांबा, कारण इथे मराठी फार श्रीमंत आहे. नाटकाचा प्रयोग असतो. ५ नोव्हेंबर १८४३ ला सांगलीत विष्णुदास भाव्यांनी केला तोही प्रयोगच, आणि त्याच तारखेला आपण रंगभूमी दिन पाळतो. तमाशाचा खेळ असतो, गाण्याची मैफल. मुक्ताईच्या पालखीबरोबर कोथळीहून पंढरपूरला जाणाऱ्या वारकऱ्याला विचारा, तो कीर्तनाला सेवा म्हणेल. ‘कीर्तनाचं सादरीकरण’ हे शब्द मला बोचतात, कारण त्यात देवासमोर उभं राहणं निघून जातं आणि फक्त लोकांसमोर उभं राहणं उरतं. आणखी एक क्रियापद आपल्याकडे आहे, रंगणं. आपल्या गावी रात्रभर वहीगायन, म्हणजे खान्देशातलं पारंपरिक लोकगायन, झालं की सकाळी कोणी ‘कसं गायले?’ एवढंच विचारत नाही, ‘रंगलं का?’ असं विचारतात. त्यात गाणाऱ्याइतकाच ऐकणाराही येतो. तेव्हा ‘मुलांनी नाटुकलं सादर केलं आणि ते रंगलं’ असं सरळ लिहा.

जाता जाता लिंगाचं : बोलताना हा शब्द पुल्लिंगी वापरा, ‘मोबाइलचा परफॉर्मन्स चांगला आहे.’ ‘चांगली परफॉर्मन्स’ बहुधा कामगिरीच्या प्रभावानं येतं.

शेवटी विद्यार्थी, आणि इथे मी तुम्हाला कळकळीनं सांगतोय. मी अमळनेर तालुक्यात सव्वीस वर्षं शिकवलं. सहावीतल्या एका मुलीच्या प्रगतिपत्रकावर मी ‘परफॉर्मन्स कमी’ असं लिहिलं होतं. वर्गात उभी केली की ती बोलतच नसे. श्रावणात एका सोमवारी मी तिला अहिराणीतून विचारलं, काल घरी काय काय झालं? तिनं आपल्या खान्देशातल्या कानबाई देवीची स्थापना, रोटांचा नैवेद्य, रात्रीची गाणी, सकाळचं विसर्जन, सगळं एका दमात सांगितलं. क्रम चुकला नाही, एक शब्द अडला नाही. भाषाशास्त्रज्ञ नोम चॉम्स्की यांनी १९६५ मध्ये भाषेचं अंगी असलेलं ज्ञान आणि तिचा प्रत्यक्ष वापर यांत फरक केला होता. त्या वापराला त्यांनी दिलेला शब्द परफॉर्मन्स हाच आहे. मी डी.एड.ला असताना हे वाचलं होतं, पण त्या दिवशी ते माझ्यासमोर बाकावर बसलं होतं. मुलीकडे भाषा होती. प्रमाण मराठीत, चाळीस जणांसमोर, उभं राहून बोलणं तेवढं बाकी होतं. मी लिहिलेल्या दोन शब्दांत यातलं काहीच नव्हतं, आणि तिच्या वडिलांनी त्याखाली सही केली होती.

पुढच्या सत्रात मी लिहिलं : ‘अहिराणीत प्रसंग सलग आणि क्रमानं सांगते. मराठीत उत्तर लिहिते, बोलताना थांबते. रोज दोन मिनिटं वर्गापुढे बोलायला देत आहे.’ जागा कमी पडली, म्हणून मागच्या बाजूला लिहावं लागलं. तुमच्या अहवालात तेवढी जागा काढा.