पुण्य की सद्गुण?

बेळगावजवळच्या खानापूरच्या एका वाचकाचा प्रश्न आहे : ‘भौतिकवाद आणि ख्रिस्ती धर्म यांनी समाजाची सद्गुणाची कल्पना कशी घडवली’ या विषयावर लिहिताना ‘सद्गुण’च्या जागी ‘पुण्य’ चालेल का?

नाही चालणार. दोन्ही शब्दांची क्रियापदं बघा. पुण्य आपण जोडतो, गाठीला बांधतो. ते पदरात पडतं आणि संपतंही. आपल्याकडे कन्नडमध्ये अडल्यानडल्यावर ‘पुण्य कट्टिकोळ्ळि’ म्हणून विनवतात, त्यातला ‘कट्टु’ म्हणजेही बांधणंच. पुण्य ही कर्माची जमा. सद्गुण मात्र अंगी बाणतो, स्वभावात मुरतो.

ख्रिस्ती विचाराबद्दल लिहिताना ही गल्लत फार नडते. विवेक, न्याय, धैर्य, संयम हे चार सद्गुण तिथे ग्रीकांकडून आले; विश्वास, आशा, प्रीती हे तीन बायबलमधल्या प्रेषित पौलाच्या पत्रातून. (कन्नड बायबलवरून उतरवत असाल तर जपा, तिथे आशेला ‘निरीक्षे’ आहे. मराठीत त्याचं निरीक्षण होऊन बसेल!) हे तीन सरावाने येत नाहीत, देव देतो, असं तेराव्या शतकात थॉमस अक्वायनस या ख्रिस्ती धर्मपंडिताने मांडलं. म्हणून त्यांना ‘बाणवणे’ही नको, ‘लाभणे’ लिहा. ‘पुण्या’च्या जवळची कल्पना तिथे वेगळी आहे, सत्कर्मांनी देवापुढे जमणाऱ्या पात्रतेची (इंग्रजीत ‘मेरिट’), आणि सोळाव्या शतकातलं प्रोटेस्टंट-कॅथलिक भांडण तिच्यावरूनच पेटलं. प्रोटेस्टंटांचा अग्रणी मार्टिन ल्यूथर याचं म्हणणं, सत्कर्मांच्या जमेवर तारण मिळत नाही, ते देवाच्या कृपेनेच. उलट १५४७ साली कॅथलिकांच्या ट्रेंटच्या परिषदेने कृपेत राहून केलेल्या सत्कर्मांना मोल आहे असं ठरवलं. सगळीकडे ‘पुण्य’ लिहिलंत तर वाद कशावरून होता हेच वाचकाला कळणार नाही.

जे आहे ते जडातूनच झालेलं, असं मानणाऱ्या भौतिकवादात तर पुण्याला जागाच नाही. परलोक नाही, मग जमा व्हायचं कुठे? सद्गुण मात्र उरतो. फ्रान्सच्या ओल्बाक या भौतिकवादी तत्त्वज्ञाने १७७० साली त्याची व्याख्याच केली : समाजात राहणाऱ्या माणसांना खरोखर आणि कायम उपयोगी पडतं ते. या मापाने सचोटी टिकते, पण कोणाच्याच उपयोगी न पडणाऱ्या कडक उपासाची किंमत उतरते.

एक पथ्य पाळा. गाडी, बंगला, सोनं यांच्या हव्यासाला आपल्या भाषणांतून सर्रास ‘भौतिकवाद’ म्हणतात. त्याला ‘चंगळवाद’ हा चांगला शब्द आहे. जे आहे ते जडातूनच झालेलं, एवढंच भौतिकवादी म्हणतो, आणि तो भाकरीवर राहणाराही असू शकतो. तुम्हाला यातला कोणता अर्थ हवाय, ते पहिल्याच परिच्छेदात सांगून टाका.