पदकाच्या आधीची मदत

प्रश्न : ऑलिंपिक पदक मिळवणाऱ्या खेळाडूंना अनेक देशांची सरकारे मोठी रोख बक्षिसे देतात. तरीही अव्वल खेळाडू दरमहा अर्थसाहाय्य मागतात, ते कशासाठी? शिवाय ही रक्कम खेळाडूच्या हाती द्यावी की त्याच्या क्रीडा संघटनेकडे?

उत्तर : बक्षीस हाती येते तेव्हा तयारीचा खर्च होऊन गेलेला असतो, आणि तो ज्यांना झेपला नाही ते खेळाडू स्पर्धेपर्यंत पोहोचलेलेच नसतात. दोन्ही वेळचा सराव, फिजिओथेरपी, दूरच्या स्पर्धांचा प्रवास यांत दिवस संपत असल्यामुळे पूर्णवेळ नोकरी करणे बहुतेकांना शक्य होत नाही. नेमबाजाची काडतुसे किंवा नौकानयनपटूची नौका यांचा खर्च तर सामान्य कुटुंबाच्या बचतीतून भागत नाही.

नियमित मदतीने काय घडते, हे ब्रिटनमध्ये दिसले. १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये त्या देशाला एकच सुवर्णपदक मिळाले आणि पदकतालिकेत त्याचा क्रमांक ३६ वा लागला. १९९७ पासून राष्ट्रीय लॉटरीच्या उत्पन्नाचा काही भाग अव्वल खेळाडूंच्या तयारीसाठी मिळू लागला. पुढे २००० मध्ये सिडनीत ११ आणि २०१२ मध्ये लंडनमध्ये २९ सुवर्णपदके आली. लंडनला यजमानपदाचा लाभ झाला हे खरे, पण सिडनीत तो नव्हता.

आपल्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर असे, की प्रशिक्षक, वैद्यकीय सेवा आणि सराव शिबिरे यांचा पैसा संघटनेकडे जाणे सोयीचे असते, मात्र निर्वाहाची रक्कम थेट खेळाडूच्या खात्यातच जमा व्हायला हवी. ब्रिटनमध्ये हे दोन भाग वेगळे ठेवलेले आहेत आणि कॅनडाची खेळाडू साहाय्य योजनाही थेट खेळाडूलाच पैसे देते. ज्याचे घरभाडे पदाधिकाऱ्याच्या सहीवर अवलंबून असते, तो खेळाडू अन्यायाविरुद्ध तक्रार करायला धजावत नाही, म्हणून या मुद्द्यावर मला तडजोड मान्य नाही. कॅनडाच्या योजनेत दुखापतग्रस्त खेळाडूची मदत विशिष्ट अटींवर चालू ठेवण्याचीही तरतूद आहे. मानधन नेमके दुखापतीच्या काळात थांबले, तर खेळाडू अर्धवट बरा होऊनच मैदानात उतरतो आणि कधी कधी त्याची कारकीर्द तेथेच संपते.

केवळ पदकांच्या अपेक्षेवर निधी ठरवणे मात्र कठोर ठरते. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये ब्रिटनच्या जोडीने बॅडमिंटनच्या पुरुष दुहेरीत कांस्यपदक जिंकले, तरीही त्याच वर्षाच्या अखेरीस टोकियोसाठीच्या निधिवाटपात त्या खेळाला काहीच मिळाले नाही. निधी कमी करायचाच असेल, तर तो टप्प्याटप्प्याने आणि पुरेशी पूर्वसूचना देऊन कमी करावा, कारण शिक्षण आणि नोकरी मागे ठेवून सरावाला लागलेल्या खेळाडूला दुसरी वाट शोधायला किमान एखादे वर्ष तरी लागते.