क्यूबिटकडे न बघता त्याची चूक कशी सापडते?

तुम्ही दोन गोष्टी विचारल्या आहेत. गूगलच्या 'विलो' या क्वांटम संगणकाच्या चिपच्या बातमीत खरं नवं काय होतं, आणि क्यूबिटकडे (क्वांटम संगणकातला बिट, जो ० आणि १ यांच्या मिश्र अवस्थेतही असू शकतो) बघितलं, म्हणजे त्याचं मोजमाप केलं, की त्याची अवस्था मोडते, तर मग त्याच्या चुका दुरुस्त कशा करतात? दुसऱ्याचं उत्तर कळलं की पहिलं सोपं होतं, म्हणून तिथूनच सुरुवात करते.

साध्या संगणकात एका बिटच्या तीन प्रती ठेवून बहुमत घेता येतं. क्यूबिटच्या बाबतीत ही वाट दोन्हीकडून बंद आहे. अज्ञात क्वांटम अवस्थेची हुबेहूब प्रत काढता येत नाही, हे १९८२ मध्ये सिद्ध झालं. आणि बहुमत मोजायचं तर बघावं लागणार! १९९५ मध्ये पीटर शोर यांनी यातून वाट काढली. प्रत न काढता एका क्यूबिटची माहिती त्यांनी नऊ क्यूबिटांच्या आपसातल्या गुंतणुकीत (एकमेकांशी जोडलेल्या सामायिक अवस्थेत) पसरवली.

आता 'न बघता' म्हणजे काय ते पाहू. बाकावर तीन मुलं आहेत आणि तिघांच्या वहीत एकच उत्तर आहे. उत्तर काय, ते विचारायचं नाही. फक्त शेजाऱ्याशी जुळतं का, एवढंच विचारायचं. पहिल्या-दुसऱ्याचं जुळत नाही, दुसऱ्या-तिसऱ्याचंही जुळत नाही, म्हणजे मधल्याचं बदललं. चूक सापडली, उत्तर मात्र आपल्याला अजूनही माहीत नाही. चिपवर ही विचारणा मदतनीस क्यूबिट करतात आणि मोजमाप फक्त त्यांचं होतं. क्यूबिटची फेजही (त्याच्या अवस्थेतल्या ० आणि १ या भागांमधलं नातं) बिघडते, म्हणून तिच्यासाठी वेगळ्या तपासण्या असतात.

मला यातला सर्वांत सुंदर भाग पुढचा वाटतो. क्यूबिटची चूक अर्धवटही असते, अगदी किंचित कललेली. पण 'जुळतं का?' असं विचारताच निसर्गाला 'हो' किंवा 'नाही' यांपैकी एकच उत्तर द्यावं लागतं. अर्धवट चूक एक तर पुसली जाते, नाही तर पूर्ण होते. पूर्ण झालेली चूक सापडते आणि दुरुस्तही करता येते.

आता विलो. तिच्यावर क्यूबिट बुद्धिबळाच्या पटासारखे मांडून 'सरफेस कोड' ही चुका दुरुस्त करायची पद्धत चालवली. ३×३ च्या जाळीला मदतनीस धरून १७ क्यूबिट लागतात, ५×५ ला ४९ आणि ७×७ ला ९७. अडचण अशी की प्रत्येक नवा क्यूबिट स्वतःच्या चुकाही घेऊन येतो. एकेका क्रियेतली चूक साधारण एक टक्क्याच्या मर्यादेपेक्षा जास्त असेल, तर जाळी वाढवल्यावर नुकसानच होतं. विलोवर जाळी वाढवण्याच्या प्रत्येक पायरीला (३×३ वरून ५×५, मग ७×७) चूक २.१४ पटींनी घटली. ७×७ वर ती तपासणीच्या दर फेरीला सुमारे ०.१४३ टक्के होती, आणि साठवलेली माहिती चिपवरच्या सर्वांत चांगल्या क्यूबिटपेक्षाही २.४ पट टिकली. डिसेंबर २०२४ मधली खरी बातमी ही होती. मथळ्यांत गाजलेली 'महासंगणकाला १० चा २५ वा घात इतकी वर्षं लागतील' ही वेगळी चाचणी होती. तिने यंत्राची ताकद कळते, पण रोजच्या उपयोगाचं कोणतंही गणित त्यात सुटलेलं नाही.

क्वांटम संगणक बँकेचे पासवर्ड फोडेल, ही भीती आज नको. २०४८ बिटांचं आरएसए (ऑनलाइन माहिती सुरक्षित ठेवणारं प्रचलित कूटलेखन) फोडायला २ कोटी क्यूबिट लागतील, असा २०१९ चा अंदाज होता. मे २०२५ मध्ये गूगलच्याच क्रेग गिडनी यांनी तो १० लाखांच्या खाली आणला. विलोवर आहेत १०५. तरी अंदाज खाली येतोय हे खरं, म्हणूनच अमेरिकेच्या 'निस्ट' या मानकं ठरवणाऱ्या सरकारी संस्थेने ऑगस्ट २०२४ मध्ये नव्या कूटलेखनाची तीन मानकं जाहीर केली. जुनी पद्धत बदलून ती वापरात आणायला वर्षं लागतात, म्हणून काम आत्ताच सुरू करायला हवं.

मुलीला या विषयात पुढे जायचं तर काय करावं, हेही विचारलंत. बीएस्सीला आहे तर तिला रेषीय बीजगणित पक्कं करू द्या. या विषयात मुलं अडतात ती बहुधा तिथेच. मुंबईत टीआयएफआर या संशोधन संस्थेत सहा क्यूबिटांचा अतिवाहक (विजेला रोध न करणाऱ्या पदार्थाचा) प्रोसेसर तयार झाला आहे, पुण्यात आयसर या विज्ञान संस्थेत क्वांटम तंत्रज्ञानाचं केंद्र आहे, आणि राष्ट्रीय क्वांटम मिशन या सरकारी योजनेचं संवेदन-मापनाचं (अतिसूक्ष्म मोजमापांचं) केंद्र आयआयटी मुंबईत आहे. आणि भौतिकशास्त्रच घ्यावं असंही नाही. विलोच्या प्रयोगात दर फेरी १.१ मायक्रोसेकंदांची होती, आणि जुळतं-न जुळतंच्या त्या ओघातून चूक कुठे झाली हे ठरवायचं काम साध्या संगणकाचं होतं. त्यासाठी वेगवान आज्ञावली लिहिणारी माणसंही तितकीच लागतात.