कारखाना भिवंडीला की जालन्याला? गाडीच्या हौद्यातून पाहिलेले उत्तर

न्हावा शेवा बंदरात उतरणाऱ्या प्लास्टिकच्या दाण्यापासून ड्रम आणि क्रेट तयार करावयाचे, त्यांपैकी बहुतांश माल मराठवाड्यात व विदर्भात विकावयाचा, थोडा आखाती देशांत पाठवावयाचा; तर समृद्धी महामार्ग पूर्ण झाल्यानंतर कारखाना भिवंडीच्या पट्ट्यात काढावा की जालन्याच्या औद्योगिक वसाहतीत, असा आपला प्रश्न आहे. मालवाहतुकीच्या व्यवसायात बावीस वर्षे काढल्यानंतर माझा कौल जालन्याला आहे, मात्र त्याचे पहिले कारण समृद्धी हे नाही.

पहिले कारण आपल्या मालातच आहे. पिशव्यांत भरलेला दाणा जड असतो, त्यामुळे कंटेनरची वजनमर्यादा पुरेपूर वापरली जाते. रिकाम्या ड्रमांनी मात्र ट्रकचा हौदा गच्च भरतो आणि काट्यावर वजन नाममात्र दिसते. एका कंटेनरमधील दाण्याचे ड्रम न्यावयाला कित्येक गाड्या लागतात आणि भाडे तर पूर्ण गाडीचेच द्यावे लागते. म्हणून भिवंडीत ड्रम बनवून ते अमरावती-नागपूरला पाठवणारा कारखानदार मुख्यतः हवेचे भाडे भरत असतो. लांबचा प्रवास दाण्याने करावा आणि जवळचा ड्रमांनी, हे आपल्या धंद्याचे सरळ गणित आहे. एकात एक बसणाऱ्या क्रेटच्या बाबतीत हा फरक बराच कमी होतो, तेव्हा ड्रम किती आणि क्रेट किती हे प्रमाण आधी ठरवून घ्यावे.

आता समृद्धीविषयी. नागपूर ते भिवंडीजवळचे आमणे या ७०१ किलोमीटरच्या मार्गातील इगतपुरी ते आमणे हा ७६ किलोमीटरचा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ रोजी खुला झाला. अवजड वाहनांना तेथे ताशी ८० किलोमीटरचीच मर्यादा आहे, शिवाय टोल चुकत नाही. त्यामुळे केवळ वेगाच्या आशेने भाडेखर्च मांडू नये. खरा लाभ खात्रीचा आहे. इगतपुरीजवळच्या सुमारे आठ किलोमीटरच्या जुळ्या बोगद्यामुळे कसारा घाट टळतो, आणि हा घाट टळणे म्हणजे काय, हे ज्याची गाडी तेथे रात्रभर उभी राहिली आहे त्यालाच कळते. काही वर्षांपूर्वी घाटात एक ट्रेलर आडवा झाल्याने आमचा निर्यातीचा कंटेनर कटऑफची, म्हणजे जहाजासाठी माल स्वीकारण्याची शेवटची, वेळ उलटल्यावर बंदराच्या गेटवर पोहोचला. जहाज गेले, माल पुढच्या जहाजापर्यंत पडून राहिला आणि त्या दिवसांचे पैसे आम्हालाच मोजावे लागले.

तथापि समृद्धी आमणे येथे संपते, बंदरात नव्हे. तेथून पुढे भिवंडी, कल्याण फाटा, तळोजे असा गर्दीचा टापू पार करावा लागतो, आणि ठाणे परिसरात अवजड वाहनांना ठरावीक तासांतच सोडले जाते. गाडी जालन्याहून केव्हा निघाली यापेक्षा ती आमण्याला किती वाजता पोहोचते याला म्हणूनच अधिक महत्त्व आहे. पहाटेपूर्वी हा टापू ओलांडला जाईल अशा बेताने ती सोडावी.

जालन्याची एक बाजू फारशी कोणी बोलून दाखवत नाही. तेथील पोलाद कारखान्यांसाठी परदेशी भंगार कंटेनरमधून येते, आणि माल उतरल्यावर तेच कंटेनर रिकामे परत जातात. शिपिंग लाइनची परवानगी घेऊन असा कंटेनर आपल्या निर्यातीसाठी तेथेच भरता आला, तर बंदराजवळून रिकामा कंटेनर ओढून आणण्याचा खर्च वाचतो. परंतु भंगाराचा प्रत्येक कंटेनर आत स्वच्छ आणि धड असतोच असे नाही, त्यामुळे उचलण्यापूर्वी तो उघडून पाहावाच. सळई घेऊन राज्यभर जाणाऱ्या गाड्या परतताना मालाच्या शोधात असतात. पण तो लाभ जालन्याकडे येणाऱ्या मालाला मिळतो, जालन्याहून निघणाऱ्या आपल्या ड्रमांना नव्हे. जाताना सळईशी स्पर्धा करावी लागेल, हेही लक्षात असू द्यावे.

रेल्वेवर मी सध्या भिस्त ठेवणार नाही. जालन्यावरून जाणाऱ्या छत्रपती संभाजीनगर ते परभणी लोहमार्गाच्या दुहेरीकरणाला केंद्रीय मंत्रिमंडळाने जुलै २०२५ मध्ये मंजुरी दिली आहे, पण मंजुरीवर माल जात नाही. दादरीपासून न्हावा शेव्यापर्यंत आखलेला १,५०६ किलोमीटरचा पश्चिम मालवाहतूक मार्ग उत्तरेकडील कारखानदारांना मोठा उपयोगी आहे. तो पालघरच्या बाजूने उतरत असल्यामुळे मराठवाड्याला त्याचा थेट फायदा नाही. डहाणूजवळच्या वाढवण बंदराचे भूमिपूजन ऑगस्ट २०२४ मध्ये झाले. पाच वर्षांच्या कर्जफेडीच्या हिशेबात ते बंदर धरू नये.

माझे हे मत देशांतर्गत विक्री जास्त राहील या गृहीतावर आहे. आखाती ग्राहकांचा वाटा निम्म्याहून पुढे जाणार असेल, तर ड्रमांची तीच हवा जालन्याहून बंदरापर्यंत वाहावी लागेल, आणि मग जागेचा दर जास्त असूनही भिवंडी किंवा तळोजे स्वस्त पडेल.