सरपंचांना अपात्र ठरवायचंय? आधी प्रोसिडिंग बुक मागवा

प्रश्न : मी सातारा जिल्ह्यातल्या एका गावची ग्रामपंचायत सदस्य. आमचे सरपंच डिसेंबर २०२२ मध्ये थेट जनतेतून निवडून आले. ‘गाव म्हणजे मी’ हा त्यांचा खाक्या. पाण्याच्या टँकरवर, शाळेच्या वह्यांवर, स्मशानशेडच्या पत्र्यावरसुद्धा त्यांचाच फोटो. मासिक सभेत कुणी तोंड उघडलं की ‘खाली बस, तुला मी निवडून आणलंय’. टीका केली की त्या घरचे दाखले अडतात. मागच्या एका ठरावावर सूचक म्हणून माझं नाव आहे, तो विषय सभेत निघालाच नव्हता. इंटरनेटवर नार्सिसिस्टिक पर्सनॅलिटीची, म्हणजे स्वतःच्याच मोठेपणात बुडालेल्या स्वभावाची, लक्षणं वाचली, सगळी जुळली. गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मी लिहिलं, ‘सरपंच नार्सिसिस्ट मनोरुग्ण आहेत, पदाला लायक नाहीत.’ आता त्यांच्या वकिलाची नोटीस आलीय : आठ दिवसांत लेखी माफी, नाहीतर पाच लाखांचा दावा आणि फौजदारी. कलेक्टरांकडून त्यांची मानसिक तपासणी करवून त्यांना अपात्र ठरवता येईल का?

उत्तर : ताई, नोटिशीला मुदत आहे, म्हणून आधी तिचं बघू. वकिलाची नोटीस म्हणजे खटला नव्हे. फौजदारी करायची तर सरपंचांना मॅजिस्ट्रेटसमोर जाऊन खासगी तक्रार दाखल करावी लागेल, शपथेवर जबाब द्यावा लागेल. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या फौजदारी प्रक्रिया संहितेनुसार अशा तक्रारीची दखल घेण्यापूर्वी तुमचंही म्हणणं ऐकावं लागतं. पाच लाखांच्या दाव्याला रकमेच्या प्रमाणात कोर्ट फी भरावी लागते. नोटिशीत आकडा टाकणं फुकट असतं, दाव्यात नसतं.

तरीही ती केराच्या टोपलीत टाकू नका. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ खाली बदनामीला दोन वर्षांपर्यंत साधी कैद, दंड किंवा समाजसेवा अशी शिक्षा आहे. याच कलमाला अपवाद आहेत. लोकसेवकाच्या सार्वजनिक कामातल्या वागणुकीबद्दल सद्भावनेनं मत मांडलं तर ती बदनामी ठरत नाही. सरपंच लोकसेवक आहेत. ‘सभेत बोलू देत नाहीत’, ‘टँकरवर स्वतःचा फोटो लावतात’, ‘पदाला लायक नाहीत’, ही तुमची मतं या छत्राखाली बसतात. ‘मनोरुग्ण’ बसत नाही. ते त्यांच्या कामाबद्दलचं मत राहत नाही, एका माणसाच्या आरोग्याबद्दलचं विधान होतं, आणि ते सिद्ध करायला तुमच्याकडे काहीही नाही.

म्हणून मेसेजचा आणि त्याखालच्या प्रतिसादांचा स्क्रीनशॉट जपून ठेवा. मग त्याच ग्रुपवर दोन ओळी टाका : आरोग्याविषयीचा शब्द मी मागे घेते, कारभाराविषयीचे माझे प्रश्न कायम आहेत. बस. खुलासा नाही, ‘भावना दुखावल्या असतील तर’ नाही. नोटिशीला मुदतीत वकिलामार्फत उत्तर द्या, त्यात हीच भूमिका असू द्या. त्यांनी पाठवलेल्या माफीनाम्याच्या मसुद्यावर सही करू नका. असले मसुदे ‘मी केलेले सर्व आरोप खोटे होते’ या वाक्याशिवाय पुरे होत नाहीत, आणि ते वाक्य पुढे प्रत्येक चौकशीत तुमच्या तोंडावर फेकलं जातं.

आता तपासणीचं. नाही, कलेक्टरांना तसा अधिकार नाही. ग्रामपंचायत अधिनियमात मानसिक कारणावरून अपात्रता आहे, पण ती सक्षम न्यायालयानं एखाद्याला विकल मनाचा (कायद्याच्या भाषेत वेडा) ठरवल्यावरच. मोठेपणाची हाव, कौतुकाची भूक, टीका सहन न होणं यांतलं काहीही तिथपर्यंत पोचत नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याचं कलम ३ वाचा. मानसिक आजार ठरवायचा तो मान्यताप्राप्त वैद्यकीय निकषांवर. समाजाच्या नैतिक किंवा राजकीय मूल्यांशी माणूस जुळत नाही एवढ्यावरून तो ठरत नाही. उपचारांशी थेट संबंध नसेल तर कुणावर तसा शिक्का मारता येत नाही. आणि आजार असला तरी तेवढ्यानं माणूस विकल मनाचा ठरत नाही. सरपंचांबद्दलचा तुमचा राग बाजूला ठेवून विचार करा : ही तरतूद नसती तर गावागावांत विरोधकाला वेडा ठरवायचे अर्ज पडले असते, आणि पहिला अर्ज बहुधा तुमच्याच विरोधात असता.

हा मोह डॉक्टरांनाही आवरलेला नाही. १९६४ साली अमेरिकेत ‘फॅक्ट’ नावाच्या मासिकानं मानसोपचारतज्ज्ञांना विचारलं, निवडणुकीतले उमेदवार बॅरी गोल्डवॉटर अध्यक्षपदाला मानसिकदृष्ट्या लायक आहेत का? १,१८९ जणांनी, त्यांना कधी तपासलेलं नसताना, ‘नाही’ म्हणून कळवलं. गोल्डवॉटर निवडणूक हरले, पण बदनामीचा खटला जिंकले. नुकसानभरपाई एक डॉलर आणि दंडात्मक भरपाई ७५,००० डॉलर. १९७३ साली तिथल्या मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेनं नियमच केला की न तपासलेल्या सार्वजनिक व्यक्तीचं निदान जाहीर करायचं नाही. पदवीधारकांना जे जमलं नाही ते आपण मोबाइलवरच्या यादीत बरोबरच्या खुणा करून करू नये.

मग कायद्याला दिसतं काय? कागद. तुमच्या पत्रातलं मला सगळ्यात मोलाचं वाटलेलं वाक्य तुम्ही जाता जाता लिहिलंय : न निघालेल्या विषयाच्या ठरावावर सूचक म्हणून तुमचं नाव. बहुतेक तो ठराव ‘अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळचे विषय’ या मथळ्याखाली सापडेल. सभेच्या वेळी प्रोसिडिंग बुकात, म्हणजे सभेच्या इतिवृत्ताच्या वहीत, या मथळ्याखाली अर्धं पान कोरं सोडायचं, हजेरीच्या सह्या घ्यायच्या आणि मागाहून घरी बसून भरायचं, शेवटी ‘सर्वानुमते मंजूर’, ही पद्धत मी अनेक पंचायतींच्या दप्तरात पाहिली आहे. अशा पानावर शेवटच्या दोन-तीन ठरावांचं अक्षर बारीक आणि ओळी दाटीच्या होत जातात, कारण सोडलेली जागा पुरत नाही. खाली सह्या आधीच असतात ना.

माहिती अधिकारात ही पानं मागवा. महाराष्ट्रात अर्ज एका विषयाचा आणि दीडशे शब्दांच्या आत लागतो, म्हणून तीन वेगळे अर्ज करा : एक, मागच्या दोन आर्थिक वर्षांच्या मासिक सभांच्या नोटिसा आणि प्रोसिडिंग; दोन, ग्रामसभांचं इतिवृत्त; तीन, टँकर, वह्या आणि फ्लेक्सची बिलं, व्हाउचर आणि रोकड वही. तीस दिवसांत उत्तर नाही आलं तर पहिलं अपील. आणि पुढच्या सभेपासून विरोध तोंडी करू नका. लेखी द्या, ग्रामपंचायत अधिकाऱ्यांची (म्हणजे ग्रामसेवकांची) पोच घ्या, ते पोच देईनात तर त्याच दिवशी रजिस्टर पोस्टानं गटविकास अधिकाऱ्यांना पाठवा.

हाती काय लागतं त्यावर पुढचा रस्ता ठरेल. नियमाप्रमाणे मासिक सभा बोलावल्याच नसतील आणि सबळ कारण नसेल, तर ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम ३६ खाली सरपंचपद जातं, निर्णय जिल्हाधिकाऱ्यांचा. हा मला सगळ्यात सरळ मार्ग वाटतो, कारण इथे स्वभावाचा वाद नाही, तारखांचा आहे. वह्यांचं किंवा फ्लेक्सचं काम सरपंचांच्या स्वतःच्या किंवा भागीदारीतल्या दुकानाला दिलं असेल तर कलम १४ खाली हितसंबंधाचा मुद्दा येतो आणि कलम १६ खाली जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो. दुकान पुतण्याचं आहे एवढंच असेल तर पुरावा लंगडा. नुसता फोटो लावणं ओंगळ असेल, अपात्रता नाही.

खोट्या ठरावांसाठी कलम ३९ : कर्तव्यातली गैरवर्तणूक, लांच्छनास्पद वर्तन, कर्तव्यात हयगय किंवा असमर्थता. अर्ज विभागीय आयुक्तांकडे, तुमच्या बाबतीत पुण्याला, आणि त्यांच्या आदेशावरून चौकशी जिल्हा परिषदेचे मुख्य कार्यकारी अधिकारी करतात. ‘असमर्थता’ वाचून पुन्हा मानसिक तपासणीकडे वळू नका. आणि पुरावा घट्ट ठेवा, कारण निवडून आलेल्या माणसाला काढायला कोर्टं सहज तयार होत नाहीत. उरण नगरपरिषदेच्या अध्यक्षांच्या प्रकरणात २०१२ साली आणि जळगाव जिल्ह्यातल्या विचखेड्याच्या महिला सरपंचांच्या प्रकरणात २०२४ साली सुप्रीम कोर्टानं अशा कारवाया रद्द केल्या. माझ्या मते बरोबरच केलं.

दाखल्यांचं कलम ३९ मध्ये घुसडू नका. ज्यांचे दाखले अडलेत त्यांनी लोकसेवा हक्क कायद्याखाली रीतसर अर्ज करावा, मुदत उलटली की अपील करावं. त्या अपिलांच्या प्रती मात्र तुमच्या फाइलला लावा.

अविश्वास ठरावही आहे, पण थेट निवडून आलेल्या सरपंचाच्या बाबतीत तो अवघड. पहिली दोन वर्षं आणि शेवटचे सहा महिने आणता येत नाही, सदस्यांचं तीन चतुर्थांश बहुमत लागतं आणि वर विशेष ग्रामसभेत गुप्त मतदानानं मंजुरी. तुमच्या बाजूला किती सदस्य खरोखर हात वर करतील हे आधी चहाच्या टपरीवर नाही, लेखी सह्यांवर मोजा. ठराव पडला तर सरपंच जिंकल्याची मिरवणूक काढतील, फोटोसकट.

एक काम अर्ज टाकण्याआधी. तुमच्या घराची घरपट्टी-पाणीपट्टी भरल्याच्या पावत्या, निवडणूक खर्चाचा हिशेब मुदतीत दिल्याची पोच आणि घराचा नमुना ८ चा (ग्रामपंचायतीच्या घरपट्टी नोंदवहीतला) उतारा काढून ठेवा. घराची ओटी किंवा गोठा गावठाणातल्या सरकारी जागेत सरकलाय का तेही मोजून घ्या. अशा त्रुटींवरून अपात्र ठरवणारं कलम १४ सदस्यांनाही लागू आहे, आणि अशा स्वभावाचे सरपंच उलटा अर्ज दाखल करायला आठवडाही लावत नाहीत.