हायड्रोजन दिल्यावर थर का सुटतो?

प्रश्न: मी एम.एस्सी. करतो. काचेवर चढवलेल्या पॅलेडियमच्या पातळ थरावर हायड्रोजन सोडला, तर थराला सुरकुत्या पडून तो सुटला. थर नीट बसला नव्हता का?

उत्तर: लगेच स्वतःला दोष देऊ नका. पॅलेडियम हायड्रोजन शोषतं हे टॉमस ग्रॅहॅम यांनी 1860 च्या दशकातच दाखवलं होतं. हायड्रोजनचा रेणू पृष्ठभागावर फुटतो आणि सुटे अणू धातूच्या अणूंमधल्या मोकळ्या जागांत शिरतात. धातूच्या अणूंची मांडणी तीच राहते, पण फुगते. या मांडणीतल्या सगळ्यात लहान घनाची कड 3.89 अँगस्ट्रॉमवरून (एक अँगस्ट्रॉम म्हणजे मीटरचा हजार कोटीवा भाग) साधारण 4.03 वर जाते, म्हणजे आकारमान दहा-अकरा टक्क्यांनी वाढतं. सुटा तुकडा चहूबाजूंनी पसरला असता. तुमच्या थराला काचेनं खालून धरून ठेवलंय. आडवं पसरता येत नाही म्हणून तो जाडीत वाढतो, आत प्रचंड ताण साठतो आणि शेवटी थर उचलला जातो.

माझा पहिला थर असाच गेला. सूक्ष्मदर्शकाखाली त्या नागमोडी सुरकुत्या पुढे सरकताना बघत मी रात्रीपर्यंत बसून होतो. इतकं सुंदर काही त्याआधी प्रयोगशाळेत पाहिलं नव्हतं. पुढच्या वेळी खाली टायटॅनियमचा अगदी पातळ थर दिला, पॅलेडियमची जाडी कमी केली. टिकला. हायड्रोजन मात्र पेट घेण्याचा धोका नको म्हणून आर्गॉनमध्ये चार टक्क्यांपर्यंतच मिसळलेला घ्या.

जमलं तर पुढे यिट्रियम हा धातू बघा, वर पॅलेडियमचं पांघरूण घालून. त्यात मांडणीच बदलते: डायहायड्राइड (धातूच्या एका अणूमागे हायड्रोजनचे दोन) धातूसारखं चकाकतं, ट्रायहायड्राइड (एकामागे तीन) पारदर्शक होतं. 1996 मध्ये ॲमस्टरडॅमच्या संशोधकांनी हा आरसा खिडकी होताना दाखवला.