साथ चालू असताना घटनादुरुस्तीला विरोध करावा का?

प्रश्न : सर, मी लॉच्या तिसऱ्या वर्षाला आहे. वादविवाद स्पर्धेत विषय आलाय – ‘साथीच्या काळात घटनादुरुस्तीला विरोध करणे हा बेजबाबदारपणा आहे.’ मला विरोधी बाजूने बोलायचंय. पण घरी सराव करताना बाबांनीच गप्प केलं. म्हणाले, “लोक ऑक्सिजनसाठी रांगेत उभे होते, तेव्हा घटनेची कलमं कोणाला सुचत होती?” यावर काय बोलावं? – एक विद्यार्थिनी, इचलकरंजी

उत्तर : बाबांचा प्रश्न चांगला आहे. फक्त तो चुकीच्या पक्षकाराला विचारलाय. त्या दिवसांत घटनेची कलमं आधी सुचली ती दुरुस्ती आणणाऱ्यांना. विरोध करणारे नंतर आले, समन्स निघाल्यावर यावं तसे.

उदाहरण शेजारचंच घ्या, श्रीलंकेचं. २०२० साली तिथे २ मार्चला संसद विसर्जित झाली. निवडणूक साथीमुळे दोनदा पुढे ढकलली आणि ५ ऑगस्टला झाली. म्हणजे ऐन कोरोनात पाच महिने देशाला संसद नव्हती. राष्ट्राध्यक्ष गोटाबाया आणि पंतप्रधान महिंदा या राजपक्षे बंधूंचा पक्ष मोठ्या बहुमताने आला आणि महिनाभरात, २ सप्टेंबरला, विसाव्या घटनादुरुस्तीचं विधेयक राजपत्रात झळकलं. त्यात रुग्णालय, लस, विलगीकरण यातलं काही होतं का? नव्हतं. २०१५ च्या एकोणिसाव्या दुरुस्तीने राष्ट्राध्यक्षांच्या अधिकारांना जो लगाम घातला होता, तो सोडवणं हा तिचा गाभा. निवडणूक आयोगासारख्या स्वतंत्र आयोगांवरच्या नेमणुका जिच्या शिफारशीनेच होत, ती परिषद गेली. तिच्या जागी आली नुसती मतं नोंदवणारी पाचजणांची परिषद. दुहेरी नागरिकत्व असणाऱ्यांना खासदार होण्याची वाट मोकळी झाली. ती कोणासाठी, हे कोलंबोत उघड बोललं जात होतं, कारण राष्ट्राध्यक्षांचे बंधू बॅसिल अमेरिकेचेही नागरिक होते. आणि गंमत म्हणजे, हेच सरकार पूर्ण नवी घटना आणण्याचं आश्वासन देत होतं, मसुद्यासाठी तज्ज्ञांची समितीही नेमली होती. मग मधल्या काळासाठी ही घाई कसली?

आता तुमचा सगळ्यात भक्कम मुद्दा, तो नीट पाठ करा. “आधी साथ आटोपू दे, मग विरोध करा,” हे वाक्य श्रीलंकेत कायद्यानेच निरर्थक आहे. आपल्याकडे मंजूर झालेली घटनादुरुस्तीही न्यायालयात रद्द होऊ शकते. केशवानंद भारती खटल्याने १९७३ साली ते दार उघडलं, आणि २०१५ साली न्यायाधीश नियुक्तीची नव्याण्णवावी दुरुस्ती त्यातूनच बाहेर गेली. श्रीलंकेत तसं नाही. तिथे आव्हान द्यायचं ते विधेयक असतानाच. संसदेच्या कार्यक्रमपत्रिकेवर विधेयक आलं की नागरिकाला सर्वोच्च न्यायालयात जायला तेव्हा मुदत होती एका आठवड्याची. एकदा कायदा झाला की कोणत्याही न्यायालयाला त्याच्या वैधतेत शिरता येत नाही. विधेयक २२ सप्टेंबरला संसदेत मांडलं गेलं. त्या आठवड्यात जो साथ संपायची वाट पाहत घरी बसला, त्याचा हक्क कायमचा बुडाला. आम्हा वकिलांना मुदतीचं महत्त्व कोणी शिकवावं लागत नाही!

लोक बसले नाहीत. एकोणचाळीस याचिका दाखल झाल्या. पाच न्यायमूर्तींनी ऐकून घेतलं आणि काही कलमांना संसदेच्या दोन तृतीयांश मतांवर जनमत कौलही लागेल, असं बहुमताने सांगितलं. सरकारने कौल टाळण्यासाठी ती कलमं बदलली. नवीन संसद वर्षभरानंतर केव्हाही बरखास्त करण्याचा जो अधिकार राष्ट्राध्यक्षांना हवा होता, तो त्यामुळे अडीच वर्षांवर गेला. विरोध वाया गेला म्हणणाऱ्यांना ही दीड वर्षं दाखवा. याचिका दाखल करायला गर्दी लागत नाही. कॅथलिक बिशपांनी, बौद्ध भिक्खूंच्या अमरपुरा आणि रामञ्ञ पंथांनी निवेदनं काढली, त्यालाही लागली नाही. त्या दिवसांत कोणी हजारोंचा मोर्चा काढला असता, तर मी त्याची बाजू मांडली नसती. तुम्हीही मांडू नका, परीक्षक तिथेच पकडतील.

मिनुवांगोडाच्या कपड्यांच्या कारखान्यातून ऑक्टोबरात साथ पुन्हा भडकली, गंपहा जिल्ह्यात संचारबंदी लागली. तरी २२ ऑक्टोबरला मतदान झालंच. अटकेतला एक विरोधी खासदार अंगभर पीपीई किट चढवून सभागृहात आला. दुरुस्ती मंजूर झाली, १५६ विरुद्ध ६५ मतांनी. पुढच्या जुलैत बॅसिल राजपक्षे अर्थमंत्री झाले. त्यानंतरचं देशाचं दिवाळं, रांगा, राष्ट्राध्यक्षांचं पलायन हे सगळं या एका दुरुस्तीवर ढकलू नका, त्याला इतर कारणं पुष्कळ आहेत. पण ऑक्टोबर २०२२ मध्ये तिथल्याच संसदेने एकविसावी दुरुस्ती करून यातलं बरंच फिरवलं, हे मात्र जरूर सांगा. तेव्हा विरोधात मत पडलं फक्त एक.

समोरची बाजू ब्राझील आणेल. तिथे २०२० मध्ये साथीमुळे पालिका निवडणुका ऑक्टोबरातून नोव्हेंबरात नेण्यासाठी घटनादुरुस्तीच करावी लागली. बिनदिक्कत मान्य करा. जी दुरुस्ती साथीमुळे आली, ती साथीत होऊ द्यावी. मग स्पेन टाका. तिथल्या घटनेचं कलम १६९ सांगतं की युद्ध किंवा आणीबाणीच्या अवस्थेत घटनाबदल सुरूच करता येत नाही, आणि मार्च २०२० मध्ये कोरोनासाठी जाहीर झालेली अवस्था त्यातच मोडते. पोर्तुगालचं कलम २८९ही तसंच. तिथल्या घटनाकारांना बेजबाबदार म्हणायचं का, हे बाबांनाच विचारा.

प्रश्न : कोरोनाकाळात आपल्याकडे घटनादुरुस्ती झाली होती का? – एक वाचक, परभणी

उत्तर : झाली, आणि ती आपल्याच दारातून गेली. मराठा आरक्षणाच्या ५ मे २०२१ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने मागास वर्ग ठरवण्याचा राज्यांचा अधिकार मान्य केला नाही. तो परत देण्यासाठी ऑगस्ट २०२१ मध्ये १०५ वी घटनादुरुस्ती झाली. पेगॅसस फोन-हेरगिरी प्रकरणावरून त्या अधिवेशनात रोज गोंधळ चालला होता, पण या विधेयकापुरते विरोधक शांत बसले, चर्चा झाली. पन्नास टक्क्यांची मर्यादाही उठवा, अशी मागणी त्यांनी केली. ती काही मान्य झाली नाही. दोन्ही सभागृहांत विरोधात एकही मत पडलं नाही.